चाळिसावी गोचीड

"गेल्या पंधरा दिवसांत यांना गोचीड चावली होती का?"

डॉक्टर अबोलीनं हे विचारलं तेव्हा भावना नवऱ्याच्या उशाशी उभी राहून त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. मंगळवारची सकाळ होती, प्रशिकच्या तापाचा सातवा दिवस. खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर द्यायला भावनापेक्षा लायक माणूस त्या अख्ख्या दवाखान्यात नव्हतं, मोठे डॉक्टर धरून. नागपुरातल्या जनावरांच्या एका कॉलेजात, परजीवींच्या विभागात ती सोळा वर्षं परिचर होती. गोचिडींच्या नळ्या धुणं, भरणं आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं यातच तिच्या डोक्यावरचे केस पिकायला लागले होते.

"नाही," ती म्हणाली. "असं काही चावलं नाही."

"घरी कुत्रा, गाय, शेळी?"

"नाही मॅडम. आमच्या आईंना चालतच नाही."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे वळली. वयानं तिशीच्या आतली, डोळ्यांखाली काळं झालेली, सकाळपासून चहासुद्धा न घेतलेली पोरगी. तिनं विश्वास ठेवला. न ठेवायला तिच्याकडे काही कारण नव्हतं.

तसं पाहिलं तर भावना खोटं बोलली नव्हती. प्रशिकच्या अंगावर तिनं गोचीड पाहिली नव्हती, हे शंभर टक्के खरं. पण हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं. दोन दिवसांपासून ती त्याचीच धास्ती घेऊन बसली होती.

भावना बारावी शिकलेली. पण गोचीड पाहिली की नुसत्या डोळ्यांनी सांगायची, ही कुठली आणि कोणाच्या अंगावरची. विभागाचे मुख्य मधुसूदन सर परीक्षेच्या आधी पोरांना म्हणायचे, माझ्याकडे येऊ नका, भावनाबाईंकडे जा. पुस्तकात कुळं, पोटकुळं, जाती यांची लांबलचक उतरंड असते, पोरं ती रात्रभर घोकतात आणि सकाळी विसरतात. भावनाची रीत वेगळी होती. ती म्हणायची, आधी एवढंच पाहा, हिला जन्म काढायला जनावरं किती लागतात. गाईची बारकी गोचीड असते तिला एकच पुरतं. पिल्लू असताना चढते ती अंडी घालायलाच खाली उतरते. कुत्र्याच्या गोचिडीला तीन लागतात. रक्त पिते, उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते, पुन्हा नवं अंग शोधते. कुत्रा नाही भेटला तर माणूसही चालवून घेते. आणि तिसरी ती मोठी, काळपट, पायांवर पांढरे पट्टे असलेली. ती लहानपणी सशाउंदरांवर वाढते आणि मोठेपणी गाईम्हशींवर. पट्टेवालीशी जपून वागा, भावना पोरांना सांगायची, बाकीच्या गवतावर बसून वाट पाहतात, ही माणसामागे चालत येते.

आणि घोळ नेमका पट्टेवालीनंच केला होता.

ताप यायच्या आधीच्या गुरुवारी संशोधन करणारा एक विद्यार्थी लांबच्या गोठ्यांतून जिवंत पट्टेवाल्या घेऊन आला. नळीवर त्यानं लिहिलं होतं, चाळीस. संध्याकाळी भावनानं त्या मोठ्या भांड्यात घातल्या तेव्हा एकोणचाळीस भरल्या. तिनं तीनदा मोजल्या. अॅप्रन झटकला, टेबल सरकवलं, कापसाचा बोळा उलगडून पाहिला. जिवंत गोचीड कमी भरली तर सरांना सांगायचं, खोली बंद करायची आणि दोन दिवस औषध मारायचं असा नियम. म्हणजे विद्यार्थ्याचा प्रयोग बोंबलणार, चौकशी होणार, आणि भावना तर मार्चमध्येच कायम झाली होती, सोळा वर्षं रोजंदारीवर घासल्यानंतर. ही पोरं मोजतात तरी कुठं नीट, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि वहीत चाळीस लिहून टाकलं. मग रोजच्यासारखी घरी आली, रोजच्यासारखी मागच्या मोरीत अंघोळ केली, कपडे कढत पाण्यात टाकले, आणि विसरून गेली.

बुधवारी प्रशिकला ताप आला. प्रशिक कळमन्याच्या बाजारात मापारी होता, दिवसभर काट्यापाशी उभा राहून धान्याची पोती तोलायचा. हाडापेरानं दणकट, कधी डोकं दुखलं म्हणून न झोपलेला माणूस. "भावना, माही हाडं कोनीतरी कुटून राहिलं वं," म्हणत आडवा झाला तो पुन्हा उठलाच नाही. शनिवारी त्याला दवाखान्यात आणलं. रक्तातल्या पेशी घसरल्या होत्या, सप्टेंबरचा महिना, वस्तीत घरोघर डेंगू. डॉक्टरांनी डेंगू धरून सलाईन लावलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

रविवारी संध्याकाळी भावना त्याचे हात पुसत होती. मनगटावर लालसर ठिपके उठले होते. तिनं त्याचा हात उलटा केला. ठिपके तळहातावरही होते.

मधुसूदन सरांचं एक व्याख्यान ती दर वर्षी ऐकत आली होती, खोलीच्या मागं उभी राहून, पोरांना नळ्या वाटता वाटता. ताप आणि तळहात-तळपायांवर पुरळ दिसलं तर गोचिडीची चौकशी करा, सर सांगायचे. सोळा पावसाळे तेच वाक्य. भावनानं नवऱ्याच्या तळहाताकडे पाहिलं, मग तो हात चादरीवर पालथा ठेवला आणि वरून रुमाल टाकला.

त्या क्षणी ती बोलली असती तर. पण तिच्या डोळ्यांसमोर वहीतला चाळीसचा आकडा आला. माझ्या अंगावरून आली, माझ्या पदराला लागून माझ्या घरात आली आणि माझ्या माणसाला चावली. हे तिला स्वतःशीच म्हणवेना, तर डॉक्टरपाशी काय म्हणवणार होतं. कदाचित डेंगूच असेल. कदाचित उद्या उतरेल. असं करत रविवार गेला, सोमवार गेला, आणि मंगळवारी सकाळी डॉक्टरनं आपण होऊन विचारलं तेव्हाही तिच्या तोंडातून "नाही"च निघालं.

दुपारी बाराला डॉक्टर अबोली पुन्हा आली. या वेळी तिनं भावनाला बाजूला घेतलं.

"ताई, किडन्या बसताहेत यांच्या. लघवी जवळजवळ थांबलीय. हा नुसता डेंगू वाटत नाही मला, काहीतरी सुटतंय आमच्याकडून. घरी जा, घरच्यांना नीट विचारा. कुठं गेले होते, काय खाल्लं, काय चावलं, काहीही."

भावना ऑटोत कशी बसली आणि इंदोऱ्याच्या वस्तीत कुठल्या वळणावर उतरली हे तिला नंतर आठवलं नाही.

घरात सासू, जिजाबाई, प्रशिकच्या चादरी उकळत्या पाण्यात घालून काठीनं ढवळत होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, वाळक्या, ताठ. घर असं ठेवायच्या की जमिनीवर सांडलेलं उचलून खावं. त्याला कारण होतं. त्यांच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी या जन्मल्या, आणि बापानं लेकींना एकच गोष्ट शिकवली, आपल्या घराकडे बोट दाखवून कोणी घाण म्हणता कामा नये. भावनाला गोचिडींच्या खात्यात नोकरी लागली तेव्हा नातेवाइकांत हसाहशी झाली होती. जिजाबाईंनी सगळ्यांना गप्प केलं होतं. माही सून इंग्रजी नावं लिहिते नळ्यायवर, तुमची लिहिते का, असं विचारून. पण घरात येण्याआधी अंघोळ, हा कायदाही त्यांचाच.

"आई, एक विचारू?" भावना उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. "यांच्या अंगावर तुम्ही गोचीड पाह्यली का?"

जिजाबाईंची काठी थांबली.

"कोनं सांगतलं तुले?"

भावना उंबऱ्यावरच बसली. बाहेर कोणीतरी नळाला पाइप लावत होतं.

"बुधवारी," जिजाबाई म्हणाल्या. "ताप आला त्याच दिवशी. पाठ पुसून देत होती मी. काखेच्या मांग हाताले लागली. मले वाटलं चामखीळ असन. मंग हालली ते. मी ओढून काढली आन् गॅसवर धरली. तडकन आवाज आला."

"मंग बोलल्या काहून नाई? सात दिवस झाले आई."

"काय बोलू?" जिजाबाईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आपल्या घरात गोचीड. कुत्र्यामांजराच्या अंगावर असते ते माह्या पोराच्या अंगावर. आन् आली कोठून? मले वाटलं तुह्या कपड्यावरून आली. मी बोलली असती त साऱ्या वस्तीनं तुलेच धरलं असतं. सुनेनं कॉलेजातून आणली आन् नवऱ्याले लावली म्हणले असते. तुह्या सरायच्या कानावर गेलं असतं. आत्ता कोठं कायम झाली तू. डाक्टर डेंगू म्हणून राहिले होते, औषध चालूच होतं. मी म्हणलं, राहू दे. कायले सांगा."

भावनाला रडू आलं नाही, रडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका घरात दोन बायका एकाच गोष्टीवर गप्प बसल्या होत्या, आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. म्हातारीनं तर तिच्यासाठी तोंड बंद ठेवलं होतं. स्वतःच्या पोराचा जीव पणाला लावून सुनेची अब्रू झाकली होती. मी पण गप्प होते आई, एवढं म्हणायला हवं होतं. भावनाला ते जमलं नाही. चाळीस आणि एकोणचाळीसची गोष्ट तिनं गिळली.

"कशी होती ते?" तिनं विचारलं. "मोठी, काळी? पायावर पांढरे पट्टे होते?"

"काय मालूम. गोचीड होती."

भावना तशीच उठली आणि दुसरी ऑटो करून कॉलेजात गेली. विभागात जेवणाची सुट्टी होती. तिनं स्पिरिटमधल्या तीन नळ्या पिशवीत घातल्या. गाईची बारकी, कुत्र्याची, आणि पट्टेवाली. तासाभरात ती परत घरी होती. ओट्यावर खिडकीच्या उजेडात तिनं एक पांढरी बशी ठेवली आणि तिन्ही गोचिडी ओळीनं मांडल्या. कुत्र्याची मधोमध.

"आई, नीट पाहा. यातली कोनती?"

जिजाबाई वाकल्या. भावना त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि मनातल्या मनात गयावया करत होती. मधली म्हणा. आई, मधली म्हणा. मधली असेल तर ती कॉलेजातली नाही, कारण कुत्र्याच्या जिवंत गोचिडी विभागात कधी ठेवतच नव्हते. कळमन्यात बारदानावर कुत्री झोपतात, दुपारी जेवण झालं की प्रशिकही त्याच बारदानावर लवंडतो. मधली असेल तर ती त्याची त्याला तिकडे भेटली. मग माझा काही संबंध नाही.

जिजाबाईंचं बोट बशीवर फिरलं आणि मधोमध थांबलं.

"हे."

"पक्कं?"

"हो, हेच. बारकी होती. पट्टेगिट्टे काई नव्हते."

भावनाचा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली, कारण तिकडे नवऱ्याच्या नाकात नळी होती आणि इकडे आपण सुटलो म्हणून तिला हायसं वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टर अबोलीनं सगळं ऐकून घेतलं. सकाळी का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं नाही. भावना आपण होऊन म्हणाली, "आईंनी आत्ता सांगितलं." तेही खरंच होतं, अर्धं.

"कुत्र्याचीच होती? नक्की?" डॉक्टरनं विचारलं. "कारण यात दोन रस्ते आहेत. कुत्र्याच्या गोचिडीचा ताप असेल तर औषध साधं आहे, आत्ता सुरू करते. पण दुसरी एक असते मोठी, गुरांवरची. तिच्यातून रक्तस्रावाचा ताप येतो. त्याचं औषध वेगळं, किडनीला जड. यांच्या किडन्यांची ही हालत असताना मी ते उगाच देणार नाही. म्हणून विचारते."

"कुत्र्याचीच," भावना म्हणाली. "सोळा वर्षं हेच करते मी मॅडम."

औषध मंगळवारी संध्याकाळी सुरू झालं. गल्लीतल्या दुकानातही मिळतं तसलं औषध. तसंच प्रशिकला रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घेतलं. भावना दारापाशी बसून राहिली. उद्या ताप उतरेल, ती स्वतःला सांगत होती. या औषधानं दोन दिवसांत उतरतो, सर म्हणायचे.

बुधवारी सकाळी ताप होता तसाच होता आणि प्रशिकच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

हिरड्यांतून रक्त. भावना ते पाहून बाहेर आली आणि बाकावर बसली. जिजाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कसा हाय?" भावनानं सासूचा हात धरला.

"आई, तुम्ही ते गोचीड नीट पाह्यली होती न? मधलीच होती न?"

जिजाबाई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या.

"माहा चष्मा तुह्या दुसऱ्या पिशवीत होता," त्या म्हणाल्या. "ते पिशवी दवाखान्यातच राह्यली होती. मले त तिन्ही सारख्याच दिसत होत्या. बशीत तीन ठिपके."

"मंग तुम्ही बोट काहून ठेवलं?"

"तू त्या मधल्याकडे पाहून राहिली होती." जिजाबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "मले वाटलं, तुले तेच पाह्यजे. तुहा चेहराच पाह्यवत नव्हता वं. म्हणलं, इच्या मनासारखं होऊ दे."

"आन् पट्टे नव्हते म्हणल्या ते?"

"तूच त विचारलं होतं पट्ट्याचं."

भावना उठली. डॉक्टर अबोली दोन नर्सांशी बोलत होती. भावनानं तिला हाक मारली आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, सांगायला सुरुवात केली. चाळीसचं एकोणचाळीस कसं झालं. वहीत तिनं काय लिहिलं. रविवारी तिनं तळहात पाहिला होता आणि झाकला होता. कुत्र्याची की गुरांची हे तिला ठाऊक नाही आणि आता कोणालाच कळणार नाही, कारण ती गॅसवर जळाली. डॉक्टर आधी नुसतं ऐकत होती, मग तिचा चेहरा बदलत गेला.

"रविवारी," ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मोठे डॉक्टर आले. प्रशिकला दुसऱ्या मजल्यावरच्या वेगळ्या खोलीत हलवलं, ज्या खोलीत नातेवाइकांना जाता येत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातात दोन-दोन मोजे. रक्ताचा नमुना पुण्याला गेला. दुसरं औषध मुंबईहून मागवलं, तोवर पहिलं चालूच. भावनानं मधुसूदन सरांना फोन केला. ते फक्त म्हणाले, "खोली बंद करतो मी. तुम्ही तिकडेच राहा." त्या चाळिसाव्या गोचिडीचं पुढं काय झालं म्हणाल तर ती कधीच सापडली नाही. विद्यार्थ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी अंदाजे लिहिलं होतं, चाळीसच्या आसपास होत्या.

जिजाबाई दाराच्या गोल काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. आत त्यांना खाटेचा पायाकडचा कोपरा तेवढा दिसायचा. एकदा त्यांनी नर्सला विचारलं, "त्याच्या ओठायले पानी लावलं का? सुकते त्याचे ओठ." नर्स म्हणाली, लावलं. जिजाबाईंना ते पटलं नाही, पण त्या पुन्हा बोलल्या नाहीत. आपण बोललो नसतो तर हा माणूस निदान आईच्या हाताखाली असता, असं भावनाला वाटायचं, आणि रविवारी बोललो असतो तर, असंही वाटायचं. दोन्हीकडून तिला सुटका नव्हती.

गुरुवारी दुपारी चार वाजता प्रशिक गेला. दुसरं औषध संध्याकाळी पोचलं.

त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट घाटावर नेलं. घरी आणू दिलं नाही, अंघोळ घालू दिली नाही. वस्तीतली पाच माणसं गेली. भंतेजींनी लांब उभं राहून वंदना म्हटली. जिजाबाईंना आपल्या पोराच्या तोंडावरून एकदा हात फिरवायचा होता, त्यांनी दोन्ही हात जोडून तसं सांगितलंही, पण मास्क लावलेल्या माणसानं मान हलवली आणि गाडीचं दार लावलं. भावना हे पाहत होती. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याला जे सांगितलं होतं ते तिच्याच तोंडून निघालेलं होतं.

बाराव्या दिवशी डॉक्टर अबोलीनं भावनाला बोलावून घेतलं. पुण्याचा कागद आला होता. डॉक्टरनं तिला बसायला सांगितलं, दार लोटलं.

"रक्तस्रावाचा ताप नव्हता," ती म्हणाली. "त्याचा मागमूसही नाही. दुसराच निघाला, साधा. कुत्र्याच्या गोचिडीतून येतो तोच. मी तुमच्या सरांशीही बोलले, त्यांचंही तेच म्हणणं. तुमच्या कॉलेजातल्या गोचिडीचा याच्याशी काही संबंध दिसत नाही, ताई. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून बोलावलं."

भावनानं कागद हातात घेतला.

"म्हणजे औषध बरोबर होतं? मंगळवारी दिलं ते?"

"बरोबर होतं. उशीर झाला होता."

"रविवारी दिलं असतं तर?"

डॉक्टरनं पेन उचललं, खाली ठेवलं. "रविवारी दिलं असतं तर बहुतेक वाचले असते."

"आणि पहिल्या बुधवारी?"

"तर त्यांना इथं आणायचीही गरज पडली नसती," डॉक्टर अबोली म्हणाली. मग तिनं मान खाली घातली. "ताई, आता घरी जा. मी कोणाला काही सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. सांगून काही होत नाही."

घरी जिजाबाई ओसरीवर बसून होत्या. पंधरवड्यात त्या एवढ्याशा झाल्या होत्या. भावनाला पाहून त्या भिंतीला धरून उठल्या. मागच्या मोरीकडे बोट दाखवायचं त्यांनी हल्ली सोडून दिलं होतं.

"काय निंगालं?"

भावनानं चपला काढल्या. तिच्या पर्समध्ये घडी केलेला कागद होता. तिनं तो बाहेर काढला नाही.

"कुत्र्याची होती, आई."

जिजाबाईंचा चेहरा सैल झाला. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बरं वाटल्यासारखं आलं.

"म्हंजे तुही नव्हती."

"नव्हती."

"पाह्य बरं." त्यांनी भावनाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हळूहळू खालीवर फिरवत राहिल्या, पोराच्या पाठीवर फिरवायच्या तसा. "मी त म्हणतच होती. बरं झालं का मी पहिल्या दिवशी कोनापाशी बोलली नाई. फुकट तुह्या नावाले बट्टा लागला असता. नाई का वं?"

भावनाच्या ओठांवर सगळं आलं. बुधवार आला, रविवार आला, तळहात आला. तिनं सासूचे सुरकुतलेले डोळे पाहिले, चष्म्यामागचे, उत्तराची वाट पाहणारे.

"हो आई," ती म्हणाली. "बरं केलं तुम्ही."